कान्होजी आंग्रे यांचे आरमारी डावपेच: मोठ्या जहाजांपुढे गुराबा आणि गलबते कशी टिकली?

प्रश्न असा आहे की, मराठ्यांचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, कान्होजी आंग्रे यांच्याकडे युरोपीय धर्तीच्या युद्धनौकांचा ताफा नव्हता. तरीही १६९८ च्या सुमारास सिधोजी गुजरांच्या पश्चात आरमाराची सूत्रे हाती आल्यापासून १७२९ मध्ये निधन होईपर्यंत इंग्रज, पोर्तुगीज, डच आणि जंजिऱ्याचा सिद्दी यांपैकी कोणालाही त्यांचा पाडाव का करता आला नाही? हे यश डावपेचांचे, किल्ल्यांचे, की शत्रूच्या चुकांचे?

शिडाच्या नौका चालवण्यात आणि ती विद्या तरुणांना शिकवण्यात माझे आयुष्य गेले, आणि त्यातला मोठा भाग याच किनाऱ्यावर गेला. त्यामुळे या प्रश्नाकडे मी आधी वारा, पाणी आणि जहाजाची ठेवण यांच्या बाजूने पाहतो. माझे मत असे की डावपेच आणि किल्ले यांची अशी वेगळी वाटणी करताच येत नाही. लढाई कुठे, कोणत्या वाऱ्यात आणि किती पाण्यात व्हावी हे शत्रूला ठरवू द्यायचे नाही, हे कान्होजींच्या युद्धपद्धतीचे मूळ सूत्र होते, आणि नौकांची बांधणी, किल्ल्यांची साखळी, माणसांची निवड, शाहू महाराजांच्या साताऱ्याशी जपलेले संबंध हे सारे त्या एका सूत्राच्या सेवेला जुंपलेले होते.

आधी नौका पाहू. गुराब ही दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, साधारण दीडशे ते तीनशे टनांची नौका. तिचे तळ उथळ, आणि नाळ, म्हणजे नौकेचे पुढचे टोक, लांब झेपावलेली असे. हा नाळेचा भाग मुख्य डेकच्याच पातळीला असे, पण एका आडव्या भिंतीने वेगळा केलेला आणि बाजूंनी उघडा असे, म्हणजे समोरून आलेली लाट नाळेवर चढली तरी पाणी डेकवर न शिरता दोन्ही बाजूंनी ओघळून जाई आणि नौकेचा वेग मरत नसे. त्याच आडव्या भिंतीत झरोके ठेवून नऊ किंवा बारा पौंडी गोळ्यांच्या दोन तोफा थेट पुढे रोखलेल्या असत. गलबत याहून बरेच लहान, क्वचितच सत्तर टनांपर्यंत जाणारे. त्यावर हलक्या, फिरत्या तोफा आणि चाळीस-पन्नास वल्ही. अठराव्या शतकातल्या इंग्रजी वर्णनांत आंग्र्यांच्या मुख्य ताफ्यात आठ-दहा गुराबा आणि चाळीस-पन्नास गलबते असल्याचे म्हटले आहे. हे आकडे ऐकून आजच्या वाचकाला ताफा लहान वाटेल, पण तो कशासाठी घडवला होता हे कळले की तसे वाटत नाही.

युरोपीय जहाजाचे सारे बळ त्याच्या दोन कुशींत असे. डावीकडे आणि उजवीकडे तोफांच्या रांगा. पाठीमागे मात्र दोन-चार तोफांपेक्षा जास्त काही नाही, आणि लाकूडही कुशीच्या मानाने पातळ. या जहाजाला आपली कूस शत्रूकडे वळवायची असेल तर वळावे लागे, वळायला वेग हवा, आणि वेगाला वारा हवा. शिवाय आडव्या शिडांचे जहाज वाऱ्याच्या दिशेपासून सहा कोन, म्हणजे सुमारे ६७ अंश, सोडूनच चालू शकते. त्याहून वाऱ्याकडे तोंड केले की शिडे उलटी फडफडतात आणि जहाज अडते. ज्या माणसाने हे जहाज कधी वळवून पाहिले आहे त्याला ठाऊक असते की मंद वाऱ्यात ते वळेल की नाही याची खात्री कर्णधारालाही नसते. कान्होजींच्या आरमाराने नेमके हे वर्म धरले होते.

पाठलागाचे वर्णन शत्रुपक्षानेच करून ठेवले आहे. किल्ल्यावरून किंवा बंदरातून जहाज दृष्टीस पडले की नौका नांगराचे दोर सोडून निघत. वारा असेल तर गुराबा शिडांवर धावत; वारा पडला असेल तर गलबते वल्ही मारत गुराबांना ओढून नेत. तोफेच्या पल्ल्यात आल्यावर साऱ्या नौका जहाजाच्या पिछाडीला जमत आणि गुराबा अंतर राखून नाळेच्या तोफा सुरू करत. पहिले गोळे जहाजाच्या अंगावर नसत, डोलकाठ्यांवर असत. नऊ पौंडी गोळ्याने मोठ्या जहाजाची कूस फुटत नाही, पण डोलकाठी मोडू शकते, आणि डोलकाठी गेली की त्या जहाजाच्या सगळ्या तोफा जागच्या जागी खिळल्या.

यातला बारकावा गोलंदाजीचा आहे. अगदी बरोबर पाठीमागून पाहिले तर जहाजाच्या तिन्ही डोलकाठ्या एकीमागे एक झाकल्या जातात आणि नेमबाजाला एकाच काठीएवढे लक्ष्य दिसते. थोडेसे बाजूला सरकले की मागची, मधली आणि पुढची काठी एकमेकींना खेटून, पण वेगवेगळ्या दिसू लागतात. आंग्र्यांचे गोलंदाज या क्षणाची वाट पाहत आणि मग बत्ती देत. गोळा मागच्या काठीला चुकला तर मधल्या किंवा पुढच्या काठीला लागण्याची शक्यता राही. दोन्ही नौका लाटांवर हलत असताना ही वेळ साधणे हे एकट्या गोलंदाजाचे काम नव्हे. सुकाणूवरच्या माणसाने नौका त्या अरुंद कोनात धरून ठेवली पाहिजे: बरोबर मागे घसरली तर लक्ष्य आकसते, फार बाजूला गेली तर जहाजाच्या कुशीच्या तोफा तिच्यावर लागू होतात. तांडेल आणि गोलंदाज यांचा असा मेळ एकत्र सरावाशिवाय जमत नाही, आणि म्हणूनच या आरमाराला लुटारूंचा जमाव समजणाऱ्यांशी मी मुळीच सहमत नाही.

डोलकाठ्या पडल्या की नौका जवळ सरकत आणि सर्व बाजूंनी मारा करत. तरीही जहाजाने निशाण उतरवले नाही, तर माणसांनी खच्चून भरलेली गलबते एकाच वेळी चारही अंगांनी भिडत आणि तलवारी घेऊन डेकवर चढाई होई. सगळीकडून एकदम चढल्याने जहाजावरच्या मोजक्या शिबंदीला कुठल्या बाजूला धावावे हे कळत नसे. ट्रफाल्गरला १८०५ मध्ये नेल्सनच्या व्हिक्टरी जहाजाने फ्रेंचांच्या ब्यूसाँतोरच्या पिछाडीतून गोळे घालून तिची दैना केली, त्यामागचे तत्त्व हेच होते की कूस टाळून पिछाडी गाठायची. मात्र नेल्सनला तिथवर पोचण्यासाठी समोरून शत्रूच्या तोफा सोसत जावे लागले. कान्होजींच्या नौका पिछाडी धरूनच येत.

आता वाऱ्याकडे वळू, कारण माझ्या मते या विषयावर लिहिणारे इथे फार कमी थांबतात. पावसाळा संपल्यावर, नारळी पौर्णिमेनंतर हळूहळू समुद्र मोकळा होतो आणि आश्विन-कार्तिकापासून किनाऱ्यावर वाऱ्याचा रोजचा पाठ ठरून जातो. रात्री आणि पहाटे जमिनीकडून मतलई वारे वाहतात, हलके आणि किनाऱ्याजवळच जाणवणारे. ऊन चढू लागले की ते पडतात आणि मध्ये काही काळ समुद्र निपचित होतो. दुपारी वायव्येकडून खारे वारे उठतात आणि सूर्यास्तानंतर पुन्हा मंदावतात. कारवार किंवा गोव्याहून मुंबईला जाणाऱ्या जहाजाला हा वायव्येचा वारा जवळजवळ तोंडावर येतो. त्यामुळे त्याला पहाटेच्या मतलई वाऱ्याचा आधार घेत किनारा धरूनच वर सरकावे लागते. किनारा धरला की विजयदुर्ग, जयगड, सुवर्णदुर्ग, कुलाबा, खांदेरी हे एकामागून एक समोर येतात. आणि दुपारचे वारे उठण्याआधीच्या त्या निवांत वेळेत मोठे जहाज जिथल्या तिथे थांबते, तर वल्ह्यांच्या गलबतांना थांबण्याचे कारणच नसते. म्हणजे शत्रू कुठून जाणार आणि कोणत्या प्रहरी असहाय असणार, हे किनाऱ्यावर बसून सांगता येत होते.

ही समज कान्होजींपासून सुरू झाली नाही. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरीवर तट उभारायला घेतला, तेव्हा मुंबईकर इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना चुकवून मराठ्यांच्या लहान नौका रात्री-अपरात्री बेटावर रसद पोचवत राहिल्या, आणि वारा नसताना त्यांना गाठता येत नाही अशी तक्रार इंग्रजांनीच नोंदवली. शिवाजी महाराजांचे आरमारी सरदार दौलतखान आणि मायनाक भंडारी यांनी जो धडा घालून दिला, त्याची शिस्तबद्ध युद्धपद्धती कान्होजींनी केली, असे म्हणणे न्यायाचे होईल.

माघार हा या पद्धतीचा तितकाच महत्त्वाचा भाग होता आणि तिच्याबद्दल लिहिताना आपण उगीच संकोचतो. शत्रूचा ताफा भारी असेल, वारा त्याच्या बाजूचा असेल, तर आंग्र्यांच्या नौका लढत नसत. त्या खाडीत शिरत. मोठ्या जहाजाला तरंगायला तीन वाव (सुमारे अठरा फूट) पाणी लागे आणि अनोळखी खाडीच्या तोंडावरची वाळूची दांडी त्याला दिसतही नसे. पाठलाग करत आलेले जहाज एकतर किल्ल्याच्या तोफांच्या टप्प्यात येई किंवा तळ टेकून बसे. विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे खडक कोरून केलेली गोदी आहे, भरतीबरोबर नौका आत घेता येतील आणि ओहोटीला तळाची डागडुजी करता येईल अशी. कान्होजींना एखादे जहाज निसटलेले चालत असे. आरमार गमावणे चालणार नव्हते. मुंबईच्या कंपनीला नवे जहाज इंग्लंडहून मागवता येत होते, इथे ती सोय नव्हती. हा हिशेब न विसरणे, आणि हाताखालच्या शूर माणसांना तो पाळायला लावणे, हे नेतृत्वाचे अवघड काम आहे.

किल्ल्यांची कसोटी १७१७ नंतर लागली. चार्ल्स बून हा गव्हर्नर म्हणून १७१५ च्या अखेरीस मुंबईत आला आणि त्याने आंग्र्यांचा बीमोड करण्यासाठी लढाऊ जहाजे बांधायला घेतली. १७१७ मध्ये विजयदुर्गावरचा हल्ला फसला. तटाला लावायला आणलेल्या शिड्या अपुऱ्या पडल्या. १७१८ मध्ये बून स्वतः खांदेरीवर चालून आला. बेट मुंबई बंदराच्या दक्षिणेला जेमतेम २० किलोमीटरवर, म्हणजे रसद, माणसे, दारूगोळा सारे इंग्रजांच्या हाताशी. तरीही बेटावर उतरलेल्या तुकड्यांना मागे यावे लागले, आणि वेढ्यातून आंग्र्यांची गलबते बेटावर मदत घेऊन पोचलीच. १७२० मध्ये इंग्रजांनी फ्राम नावाची तरती तोफनौका बांधून विजयदुर्गावर आणली. गोळ्यांना दाद न देणाऱ्या जाड भिंती, उथळ तळ, अतिशय जड तोफा, असे सगळे कागदावर उत्तम होते. पण तोफांचे झरोके इतके चुकीचे झाले होते की पहिले गोळे तटाऐवजी पाण्यातच पडले. १७२४ मध्ये डचांनी सात जहाजे घेऊन विजयदुर्गावर प्रयत्न केला, तोही निष्फळ ठरला.

येथे प्रश्नातल्या तिसऱ्या भागाला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. शत्रूच्या चुका होत्या, आणि मोठ्या होत्या. बूनच्या मोहिमांत अधिकाऱ्यांची आपसांतली भांडणे, मद्यपान, घाईने गोळा केलेली माणसे हे सारे इंग्रजांच्याच कागदांत आले आहे. परंतु एकाच प्रकारच्या चुका जेव्हा वेगवेगळे शत्रू वेगवेगळ्या वर्षी करतात, तेव्हा त्यांना ती चूक करायला भाग पाडणारी परिस्थिती कोणी निर्माण केली हे पाहावे लागते. समुद्रात गाठ पडत नाही म्हणून ते किल्ल्यावर येत, आणि किल्ल्यावर यायचे तर खडकांत, उथळ पाण्यात, दुसऱ्याने निवडलेल्या जागी यावे लागे.

सर्वांत मोठा प्रसंग १७२१ च्या डिसेंबरातला. इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र आले. कमोडोर मॅथ्यूज ब्रिटिश राजाच्या आरमाराची चार जहाजे घेऊन आला होता आणि गोव्याचा व्हाइसरॉय जातीने हजर होता. लक्ष्य होते अलिबागसमोरचा कुलाबा. ओहोटीला पायी जाता येईल असा हा किल्ला, म्हणून चढाई जमिनीवरून ठरली. कान्होजींनी समुद्रात उतरून या एकत्रित ताफ्याशी सामना केला नाही. त्यांनी साताऱ्याला कळवले, आणि शाहू महाराजांच्या आज्ञेने पिलाजी जाधव आणि बाजीराव पेशवे फौजेसह खाली उतरले. घोडदळ अंगावर येताच पोर्तुगीज फळी मोडली, इंग्रजांची माघार झाली आणि त्यांच्या तोफा मागे राहिल्या. मॅथ्यूजच्या मांडीला भाल्याची जखम झाली, आणि चिडलेल्या या गृहस्थाने पोर्तुगीज सेनापतीच्या तोंडात छडी खुपसली अशी नोंद आहे. जानेवारी १७२२ मध्ये पोर्तुगीजांनी इंग्रजांना बाजूला ठेवून बाजीरावांशी परस्पर तह केला आणि युती संपली.

मी ही लढाई कान्होजींच्या नेतृत्वाचा सर्वोत्तम नमुना मानतो, जरी त्यांचे आरमार तिच्यात फारसे लढले नसले तरी. कारण तिचा पाया सात वर्षे आधी घातला गेला होता. ताराबाई आणि शाहू यांच्या संघर्षात कान्होजी ताराबाईंच्या पक्षाला होते. त्यांनी शाहूंचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना पकडून लोहगडावर ठेवले होते. त्या वेळी ते घाटावर आणखी पुढे सरकू शकले असते. त्याऐवजी त्यांनी बाळाजी विश्वनाथांशी बोलणी करून १७१४ च्या सुरुवातीस शाहूंचे स्वामित्व मान्य केले. बदल्यात सरखेलीचा मान आणि कुलाबा, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग यांसह किल्ले कायम झाले. समुद्रावर स्वतंत्र राहायचे असेल तर पाठीमागचा घाट मित्राच्या हाती हवा, हे त्यांनी ओळखले होते.

माणसांच्या बाबतीत ते उदार आणि व्यवहारी होते. भंडारी, कोळी, गाबीत, मुसलमान असे किनाऱ्यावरचे सारे दर्यावर्दी समाज आरमारात होते आणि जड तोफांसाठी पोर्तुगीज, डच गोलंदाजही चाकरीला ठेवलेले होते. परकी माणसाकडून कसब घ्यायचे, पण नौकेवरचा निर्णय आपल्या माणसाकडे ठेवायचा, ही रीत आजही कोणत्याही आरमाराला लागू पडेल. पैशाचा प्रश्न दस्तकाने सोडवला: या पाण्यातून व्यापार करायचा तर सरखेलांचा परवाना घ्यावा. पोर्तुगीज दोन शतके हेच करत आले होते आणि त्यांना कोणी चाचे म्हटले नाही. १७१२ मध्ये मुंबईच्या गव्हर्नरची सशस्त्र नौका कान्होजींनी पकडली आणि पुढच्या वर्षी इंग्रजांनी तह केला. तो तह फिसकटला तो मुख्यतः इंग्रजी निशाणाखाली कोणकोणाचा माल चालवायचा या वादावरून. १७२४ मध्ये गव्हर्नर फिप्सने चाचेगिरीचा आरोप केला तेव्हा कान्होजींनी उलट लिहिले की दुसऱ्याचे घेण्याची हाव व्यापाऱ्यांनाही सुटलेली नाही. या पत्रव्यवहाराचा सूर बरोबरीच्या राज्यकर्त्याचा आहे, आणि हाताखालच्या माणसांना आपण लुटीसाठी नव्हे तर राज्यासाठी लढतो आहोत ही जाणीव त्यातूनच मिळत असणार.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. हे आरमार किनाऱ्याचे होते. खोल समुद्रात, पावसाळी लाटांत, उघड्या पाण्यावर रांग धरून लढणाऱ्या युद्धनौकांपुढे गुराबांना उभे राहणे शक्य नव्हते, आणि युरोपीय सत्तांच्या मुळावर, म्हणजे त्यांच्या महासागरी वाहतुकीवर, घाव घालण्याचे साधन कान्होजींकडे नव्हते. दुसरी मर्यादा अधिक घातक होती: सारी व्यवस्था एका माणसाच्या तारतम्यावर उभी होती. थोरले पुत्र सेखोजी १७३३ मध्ये वारले आणि दोन वर्षांत कुलाबा त्यांचे भाऊ मानाजींकडे, दक्षिणेचे किल्ले दुसरे भाऊ संभाजी आंग्र्यांकडे अशी घराण्याची फाळणी झाली. पुढे कान्होजींचे आणखी एक पुत्र तुळाजी आंग्रे यांचे पेशव्यांशी इतके बिनसले की १७५५ मध्ये सुवर्णदुर्गावर इंग्रज आणि पेशवे एकत्र चालून आले.

फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रज सेनानी वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले तेव्हा तुळाजींचा ताफा कान्होजींच्या काळापेक्षा दुबळा नव्हता, गोदीत आणखी मोठी जहाजे बांधली जात होती. पण सारा ताफा किल्ल्याखाली एकमेकांना बांधून ठेवलेला होता. पूर्वी इंग्रजांकडून जिंकलेल्या रिस्टोरेशन या जहाजावर एक पेटता गोळा पडला, आग एका नौकेवरून दुसरीवर गेली आणि संध्याकाळपर्यंत आरमार जळून संपले. किल्ला तोच होता, नौका त्याच जातीच्या होत्या, गोलंदाजही कसलेले होते. या वेळी नौकांना पसरायला मोकळे पाणी ठेवलेले नव्हते, आणि घाटावरून उतरलेली पेशव्यांची फौज शत्रूच्या बाजूने उभी होती.